हंसाचे यकृत, नळांचे गणित आणि माझा चहा



पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मास्तराने यकृतावर लेख का लिहावा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या सरांनाही तो पडला होता. कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी पोटात थोडे दुखले म्हणून माझी सोनोग्राफी झाली. दुखण्याचे कारण काही निघाले नाही, पण अहवालात एक ओळ आली : ‘यकृत नेहमीपेक्षा अधिक उजळ दिसते. यकृतात चरबी साठली आहे.’

अहवाल वाचून मला आठवले ते माझे मामा. मामा माळकरी होते. वर्षानुवर्षे वारी करणारे, दारूच्या थेंबालाही न शिवलेले. मी बारावीत असताना त्यांच्या पोटात पाणी झाले, डोळे पिवळे पडले आणि यकृत निकामी होऊन ते गेले. गावात कुजबुज झाली. ‘माळ घालून चोरून पीत असणार, त्याशिवाय यकृत जाते का?’ मामींनी ते सारे ऐकून घेतले. मामांना मधुमेह होता, पोट सुटलेले होते आणि गोड चहाची फार आवड होती, एवढेच मला ठाऊक होते. या गोष्टींचा यकृताशी काही संबंध असेल असे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आले नाही.

तो संबंध काय आहे, हे आज आपण पाहू. त्यासाठी प्रथम थोडे हंसांकडे जाऊ.

हंस मका खातो आणि यकृत चरबीचे होते!

फ्रान्समध्ये ‘फ्वा ग्रा’ नावाचा एक महागडा खाद्यपदार्थ आहे. त्याचा अर्थच मुळी ‘चरबीयुक्त यकृत’ असा होतो. त्यासाठी हंसांना किंवा बदकांना नळीने बळेबळेच खाऊ घालतात. काही दिवसांतच त्यांचे यकृत कित्येक पटींनी मोठे होते आणि त्यात चरबी भरते. ही रीत फार क्रूर आहे, म्हणून अनेक देशांनी तिच्यावर बंदी घातली आहे. आपल्या देशानेही २०१४ साली या पदार्थाची आयात बंद केली. रीत मात्र जुनी आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर हंसांना असे भरवतानाची चित्रे कोरलेली आहेत.

आता सांगा पाहू, या हंसांना भरवतात तरी काय? तूप? लोणी? तेल? नाही! भरवतात तो मुख्यत्वे उकडलेला मका. प्राचीन रोममध्ये तर यासाठी अंजिरे भरवीत. गंमत अशी की, लॅटिनमध्ये अंजिराला ‘फिकुस’ म्हणतात आणि अंजिरे भरवून वाढवलेल्या यकृताला ‘फिकातुम’ म्हणू लागले. पुढे यकृताचे मूळ नाव मागे पडले आणि कुठल्याही यकृताला हाच शब्द रूढ झाला. इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ हे यकृताचे सारे शब्द या अंजिरातूनच निघाले आहेत!

मका म्हणजे पिष्ट आणि अंजीर म्हणजे साखर. दोहोंत स्निग्ध पदार्थ अगदी थोडे. तरीही यकृत भरते ते चरबीने. म्हणजे यकृतातली चरबी ही केवळ खाल्लेल्या तेलातुपाची नसते. यकृत हा एक कारखाना आहे आणि साखरेपासून चरबी बनवणे हे त्याचे एक काम आहे. स्थलांतर करणाऱ्या हंसाला याचा उपयोग होतो. हजारो मैलांच्या उड्डाणापूर्वी तो शरीरात चरबी साठवतो आणि वाटेत ती खर्च करतो. माझे उड्डाण मात्र घरापासून महाविद्यालयापर्यंत, आणि तेही स्कूटरवर!

यकृत उजळ का दिसले?

यकृत आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचे असते. आतड्यांतून निघालेले रक्त प्रथम यकृतात येते, म्हणजे आपण खाल्लेल्या बहुतेक साऱ्या मालाची पहिली जकात इथेच.

सोनोग्राफीत आपल्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतात आणि त्याचे प्रतिध्वनी टिपतात. निरोगी यकृत पडद्यावर करड्या रंगाचे दिसते. आता दूध आठवा. दूध पांढरे का दिसते? त्यात चरबीचे आणि प्रथिनांचे असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. ते प्रकाश चोहीकडे विखुरतात, म्हणून दूध पांढरे दिसते. यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठले की ते ध्वनी असाच विखुरतात. अधिक प्रतिध्वनी परत येतात आणि यकृत पडद्यावर पांढुरके दिसू लागते. डॉक्टर शेजारच्या मूत्रपिंडाशी त्याची तुलना करतात. माझे यकृत मूत्रपिंडाहून चांगलेच उजळ होते.

निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. ५ टक्क्यांपेक्षा अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले, की यकृतात चरबी झाली असे म्हणतात. नुसती चरबी साठल्याने पुष्कळांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि धोका आहे तो इथेच. काही जणांत या चरबीमुळे यकृताला सूज येते. वर्षानुवर्षे सूज राहिली तर मऊ पेशींच्या जागी चिवट धागे तयार होतात. शेवटी सारे यकृत निबर होऊन काम सोडते.

पूर्वी अशी यकृते दारू पिणाऱ्यांचीच असतात असा समज होता. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दिसायला ती यकृते दारुड्यांच्या यकृतासारखी होती, पण हे रुग्ण दारू पिणारे नव्हते. बहुतेक स्थूल होते आणि अनेकांना मधुमेह होता. तोपर्यंत नाव नसलेल्या या रोगाला त्यांनी नाव दिले. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाचा स्पष्ट उल्लेख असलेले नवे नाव स्वीकारले. आपल्या सरकारनेही २०२१ साली या विकाराचा समावेश मधुमेह, हृदयविकार इत्यादींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

हे वाचले तेव्हा मी मामींना दूरध्वनी केला. मामांचे यकृत कशाने गेले हे आज खात्रीने सांगता येणार नाही, पण चोरून प्यायल्याशिवाय यकृत जात नाही हे बोलणे चूक होते, एवढे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तीन नळांची टाकी

आता तुमच्या ओळखीच्या गणिताकडे वळू. एका टाकीला तीन नळांनी पाणी येते आणि दोन नळांनी जाते, तर टाकी केव्हा भरेल? यकृताचे तसेच आहे.

चरबी येण्याचे नळ तीन. पहिला, शरीरात अन्यत्र, विशेषतः पोटावर, साठलेल्या चरबीतून रक्तावाटे येणारी स्निग्धाम्ले. दुसरा, यकृताने स्वतः साखरेपासून बनवलेली चरबी. तिसरा, जेवणातून थेट आलेली चरबी. यांतला कोणता नळ किती मोठा, हे कसे कळणार? इथे पुन्हा पदार्थविज्ञान मदतीला येते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी हा विकार असलेल्या रुग्णांना स्थिर समस्थानिकांची खूण केलेले पदार्थ दिले आणि यकृतातील चरबीत ती खूण कुठून आली ते शोधले. उत्तर असे आले : पहिल्या नळाने सुमारे ५९ टक्के, दुसऱ्याने २६ टक्के आणि तिसऱ्याने १५ टक्के. तेलातुपाचा थेट वाटा सर्वांत लहान निघाला!

पहिला नळ एवढा का वाहतो? स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन चरबीच्या पेशींना ‘माल आत ठेवा’ असे सांगत असते. पोटावर चरबी फार वाढली की पेशी हा हुकूम नीट ऐकत नाहीत आणि स्निग्धाम्ले रक्तात गळत राहतात. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते आणि जादा इन्शुलिनमुळे यकृत साखरेपासून आणखी चरबी बनवू लागते. म्हणजे एक नळ गळू लागला की दुसराही मोठा होतो.

चरबी जाण्याचे नळ दोन. यकृत काही चरबी जाळून ऊर्जा मिळवते आणि काही चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तावाटे बाहेर धाडते. हे वेष्टन महत्त्वाचे बरे का! आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली लहान मुलांच्या एका कुपोषणाचे वर्णन केले. त्याला क्वाशिओरकोर म्हणतात. या मुलांच्या आहारात पिष्ट असते पण प्रथिने फार अपुरी असतात. अशा हाडकुळ्या मुलांच्या यकृतातही चरबी साठते! माल आहे पण न्यायला गाडी नाही, अशी स्थिती. तेव्हा यकृतातली चरबी कमी करायची म्हणून उपाशी राहणे हा उपाय नव्हे, हे ध्यानात ठेवा.

माझ्या चुका

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले, ‘सर, तुमचे वजन ७८ किलो आहे. सावकाश, वर्षभरात, ते ७ ते १० टक्क्यांनी उतरवा. घाई नको.’ हा आकडा हवेतला नाही. २०१५ साली क्युबातील २९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळून ज्यांचे वजन १० टक्के किंवा अधिक उतरले, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या यकृताची सूज गेली होती. वजन फार झपाट्याने उतरवले तर मात्र चरबीच्या पेशींतून एकदम लोंढा येऊन यकृताचे नुकसान होऊ शकते.

मी लगेच कामाला लागलो आणि तीन चुका केल्या. पहिली, साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला. बाई हसल्या. म्हणाल्या, ‘गूळ, मध, साखर यांतला फरक जिभेला कळतो, यकृताला फारसा कळत नाही.’ दुसरी, आठवड्यातून दोन उपवास धरले आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस यांवर ताव मारला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. एकादशी आणि दुप्पट खाशी! तिसरी, नाश्त्याऐवजी मोठा पेलाभर फळांचा रस. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी संत्री सोलून चोथ्यासकट खायला बसलो असतो, तर दुसऱ्यालाच थांबलो असतो.

इथे साखरेची घडण सांगायला हवी. साखरेचा रेणू दोन भागांचा असतो : अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातील सर्व पेशी वापरतात. फ्रुक्टोजची विल्हेवाट मात्र मुख्यत्वे यकृताला लावावी लागते, आणि ते फार आले की त्याची चरबी बनते. अख्ख्या फळातही फ्रुक्टोज असते, पण थोडे, आणि चोथ्यामुळे ते सावकाश पोचते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे सहाहून अधिक चमचे साखर असते, आणि ती दोन मिनिटांत पोटात जाते. रसवंतीवरचा उसाचा रसही या बाबतीत फारसा मागे नाही.

अठरा किलो साखर

मग मी हिशेब मांडला. माझा चहा दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरा. दिवसाला ५० ग्रॅम आणि वर्षाला १८ किलोग्रॅमहून अधिक! घरात कोपऱ्यात ठेवलेले ते पोते मला दिसू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवल्याप्रमाणे अशी वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे उत्तम. बिस्किटे, जिलबी आणि लग्नसराई मी अजून धरलेलीच नाही.

‘चालून जाळू की!’ असे तुम्ही म्हणाल. तर हे उदाहरण सोडवा. एक चमचा साखरेतून २० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ८४,००० ज्यूल ऊर्जा मिळते. तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम, एक मजला ३ मीटर आणि गुरुत्वीय त्वरण १० धरले, तर एक मजला चढण्याचे कार्य ५० × १० × ३ = १५०० ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे २५ टक्के, म्हणून अन्नातून ६००० ज्यूल खर्च होतील. ८४,००० ला ६००० ने भागा. एक चमचा साखर म्हणजे चौदा मजले! माझ्या चहातील दहा चमचे जाळायला तुमच्यासारख्याला रोज एकशे चाळीस मजले चढावे लागतील. न खाणेच सोपे, नाही का?

याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा मुळीच नाही. नेमाने चालले, पोहले, खेळले की स्नायू इन्शुलिनचे ऐकू लागतात आणि वजन विशेष न उतरताही यकृतातील चरबी कमी होते. मी रोज पाऊण तास भरभर चालू लागलो. स्कूटर मुलीच्या क्लासपुरती उरली.

ताट कसे असावे?

त्यासाठी परदेशी फळे किंवा महाग पावडरी लागत नाहीत. ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाज्या आणि कोशिंबीर : मेथी, पालक, दोडका, गवार, काकडी, मुळा, जे हंगामात स्वस्त असेल ते. एक भाग प्रथिने : मटकीची उसळ, मुगाचे वरण, हरभरा, दही-ताक, आणि खाणाऱ्यांनी मासे किंवा अंडे. उरलेला एक भाग भाकरी, पोळी किंवा भात. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा बरी, कारण तिच्यातला कोंडा साखरेला सावकाश सोडतो. भाकरीसुद्धा मोजूनच बरे! तेल माफक, शक्यतो शेंगदाण्याचे किंवा करडईचे. तळण, फरसाण, खारी आणि क्रीमची बिस्किटे क्वचित. दारू मुळीच नाही, कारण आधीच शिणलेल्या यकृतावर तो दुसरा घाव. ‘यकृत स्वच्छ करणारे’ म्हणून विकले जाणारे काढे आणि चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांतल्या काहींनी यकृताला इजाच होते. २०२४ साली अमेरिकेत या विकारावरील पहिल्या औषधाला मान्यता मिळाली, पण तेही आहार आणि व्यायाम यांच्या जोडीनेच घ्यायचे असते.

आमच्या घरी चहाची बरणी माझ्या आठवीतल्या मुलीच्या ताब्यात गेली. दर आठवड्याला तिने माझा अर्धा चमचा कमी केला आणि भिंतीवर आलेख काढला. दोन महिन्यांनी मला जुना चहा गोड मिट्ट लागू लागला. जिभेलाही सवय लावता येते, हा शोध मला पंचेचाळिशीत लागला!

खरवस आणि वडी

वजनाच्या काट्यावरून यकृताची प्रकृती पुरती कळत नाही. त्यासाठी एक सुंदर तपासणी आहे. बरगड्यांवरून यकृताला हलकी टिचकी मारतात आणि तिची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते ध्वनीने मोजतात. खरवसाच्या वडीला टिचकी मारा, ती संथ डुलते. नारळाच्या घट्ट वडीला मारा, ती जागची हलत नाही, कंप झटकन पार जातो. माध्यम जितके ताठर, तितका लहरीचा वेग अधिक. यकृताचा ताठरपणा काढायचे सूत्र असे : ताठरपणा = ३ × घनता × वेगाचा वर्ग.

पहिल्या वेळी माझा अहवाल होता ८.७ किलोपास्कल. घनता पाण्याइतकी, म्हणजे १००० धरली तर वेग येतो सेकंदाला १.७ मीटर. हे थोडे जास्त होते. वर्षाने वजन ७२ झाले तेव्हा आकडा आला ५.९. त्यावरून वेग किती, हे तुम्ही काढा. यकृत खरवसाकडे परत निघाले होते. स्वतःची दुरुस्ती करण्याची अशी ताकद आपल्या फार थोड्या अवयवांत आहे. यकृत निबर होण्यापूर्वी त्याला संधी मात्र द्यायला हवी.

आता गृहपाठ. तुम्ही वाढत्या वयाचे आहात, म्हणून जेवण कमी करू नका. शीतपेयांच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे तेवढे कमी करा. पुड्यावर छापलेले साखरेचे ग्रॅम वाचा, पाचाने भागा, चमचे मोजा आणि चौदाने गुणा. दुसरे, घरातील मोठ्या माणसांच्या कमरेचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर तो गेला, तर डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे, मग हातपाय कितीही सडपातळ असोत.

आणि तिसरे. कुणाचे यकृत बिघडल्याचे कळले, तर तो पीत असेल असे बोलू नका. एवढे केलेत, तरी माझ्या मामींना बरे वाटेल.